आदत आणि मलका : सीमाभागातील शिक्षकाच्या व्यावसायिक वाढीचा एक विचार

शिक्षकाचा 'व्यावसायिक विकास' हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. परिपत्रकात तो असतो, प्रशिक्षणाच्या फलकावर असतो, सेवापुस्तिकेतल्या नोंदीतही असतो. त्याचे माप मात्र ठरलेले आहे आणि ते वेळेचे आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या दर पाच वर्षांत किमान दोन ते तीन महिने सेवांतर्गत प्रशिक्षण मिळावे असे सुचविले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वर्षाला किमान ५० तास असे माप घालून दिले. दोन्ही शिफारशींचा हेतू चांगला आहे, याविषयी दुमत नाही. परंतु तासांनी मोजली जाते ती हजेरी होय. त्या तासांत जे ऐकले ते सोमवारी सकाळी वर्गात हाताशी येते की नाही, हा प्रश्न त्या मापात बसत नाही. पाच दिवसांचे शिबिर आटोपते, प्रमाणपत्र कपाटात जाते आणि फळ्यासमोर 'ये रे माझ्या मागल्या' सुरू होते, हा अनुभव बेळगावच्या वडगाव-शहापूर भागापासून निपाणीपर्यंत कोणत्याही माध्यमाच्या शाळेत सर्वपरिचित आहे. याचा दोष कधी प्रशिक्षणाच्या दर्जावर तर कधी शिक्षकाच्या आळसावर ठेवून विषय संपविला जातो. प्रस्तुत लेखात असे मांडावयाचे आहे की दोष त्याच्याही आधी, ज्ञान म्हणजे काय आणि सवय म्हणजे काय याविषयीच्या आपल्या समजुतीत आहे.

या बाबतीत आपल्या बोलण्यातले काही शब्द पुस्तकांपेक्षा अधिक सांगून जातात. 'तालीम' हा मूळ अरबी शब्द उर्दूत शिक्षण या अर्थाने चालतो. तोच शब्द मराठीत आला आणि कोल्हापूर-बेळगावच्या मातीत त्याचा अर्थ कुस्तीचा आखाडा असा झाला. नाटकाच्या सरावालाही मराठी माणूस तालीमच म्हणतो. 'उस्ताद' तालमीत आला आणि वस्ताद झाला. 'कसब' म्हणजे अरबीत मिळविणे, कमाविणे. मराठीत तो शब्द हातातल्या कौशल्याला लागला. 'इल्म' या शब्दाचेही तेच झाले. उर्दूत तो विद्या, ज्ञान या उंचीवर राहिला, मराठीत 'इलम' म्हणजे एखादी कला, एखादी हिकमत. शब्दांची झीज झाली असे कोणी म्हणेल. तसे मानण्याचे कारण नाही. अरबी-फारसी परंपरेतले ज्ञानाचे शब्द मराठीने घेतले ते बहुतांशी अंगमेहनतीच्या आणि सरावाच्या बाजूने घेतले. जे अंगात उतरले तेच शिकणे, असा निवाडा या भाषेने शतकानुशतके नकळत दिला आहे.

वडगावच्या मागांवर हा निवाडा रोज पडताळून पाहता येतो. वडगाव, शहापूर, खासबाग ही बेळगावातली विणकरांची वस्ती. हातमाग जाऊन यंत्रमाग आले तरी शिकण्याची रीत फारशी पालटली नाही. नवा माणूस आधी कांडी भरतो, मग तुटलेला धागा सांधायला शिकतो, त्यानंतर माग त्याच्या हाती येतो. मुरलेला विणकर ताण्याचा धागा तुटल्याचे मागाच्या आवाजावरून ओळखतो. ही ओळख त्याला कोणी व्याख्यानातून दिलेली नसते आणि ती शब्दांत सांग म्हटले तर बहुधा सांगता येत नाही. म्हणून तिला ज्ञान म्हणायचे नाही काय? महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि गरज पडेल तेव्हा नांगर धरण्याची व सुताराची वाकस चालविण्याची लाज न वाटणारे ते असावेत, असे सुचविले होते. ही सूचना सामान्यतः सामाजिक न्यायाच्या अंगाने वाचली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि तिच्यात ज्ञानाविषयीही एक भूमिका आहे. हाताचे कसब ज्याला ठाऊक आहे त्याला शिकण्याची खरी गती ठाऊक असते, अशी ती भूमिका.

या साऱ्याला नेमके नाव देण्याचे काम चौदाव्या शतकात इब्न खल्दून (१३३२–१४०६) याने केले. त्याच्या 'मुकद्दिमा' (१३७७) या ग्रंथाचा उल्लेख आपल्याकडे इतिहास आणि समाजशास्त्राच्या संदर्भात होतो. त्यातले अध्यापनाविषयीचे प्रकरण मात्र शिक्षक-प्रशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात सहसा भेटत नाही, आणि मुस्लिम संस्थांच्या अध्यापक विद्यालयांतही भेटत नाही, हे अधिक खेदाचे. त्याचा मुख्य शब्द 'मलका' हा आहे. एखादी कृती पुन्हा पुन्हा केल्याने तिचे रूप मनात पक्के बसते आणि माणसाला ती सहज साधते. ह्या स्थिर झालेल्या क्षमतेला तो मलका म्हणतो. विद्येचे आकलन किंवा पाठांतर वेगळे आणि मलका वेगळा, हे तो स्पष्ट बजावतो. अध्यापन हा त्याच्या मते हुन्नरांपैकी एक हुन्नर आहे आणि म्हणून तो हुन्नराप्रमाणेच, जाणत्याच्या सहवासात, शिकावा लागतो. (उर्दू लिपीत 'मलका' म्हणजे प्रावीण्य आणि 'मलिका' म्हणजे राणी हे दोन्ही शब्द एकाच आकारात लिहिले जातात. वर्गात यावरून हशा पिकतो, पण विद्यार्थ्याला शब्द कायमचा लक्षात राहतो.)

मलका या शब्दाचे मूळ म-ल-क हे आहे. मराठीतले मालक आणि मालकी हे शब्द त्याच मुळाचे. उलट सवयीसाठी उर्दूत आणि काही प्रमाणात मराठीतही जो 'आदत' शब्द आहे त्याचे मूळ परत येणे, फिरून येणे या अर्थाचे आहे. व्युत्पत्तीवरून सिद्धान्त काढू नये, हे खरे. तरीही येथे ती उपयोगी पडते. आदत माणसाकडे फिरून येते, त्याने बोलावली नाही तरी येते. मलका त्याच्या मालकीचा असतो, तो हवा तेव्हा वापरता येतो, बाजूला ठेवता येतो, प्रसंगानुरूप वळविता येतो. बाहेरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. वीस वर्षे तोच धडा शिकविणारे दोन शिक्षक शेजारच्या वर्गांत उभे असतात. एकाने तो धडा वीस वेळा शिकविलेला असतो, दुसऱ्याने एकदाच शिकवून एकोणीस वेळा पाट्या टाकलेल्या असतात. सेवाज्येष्ठतेच्या यादीत दोघांचे क्रमांक लागून येतात.

इब्न खल्दूनने दिलेले एक उदाहरण आजच्या तासांच्या हिशेबाला थेट लागू पडते. मगरिबमध्ये मदरशात राहण्याचा काळ सोळा वर्षांचा ठरलेला होता आणि ट्युनिसमध्ये पाच वर्षांचा. सोळा वर्षांचा काळ इतका लांबला याचे कारण त्याने अध्यापनाच्या रीतीत शोधले. विद्यार्थी वर्षानुवर्षे सभेत गप्प बसून ऐकत, पाठ करीत. चर्चा नाही, प्रश्न नाही. स्मरणात पुष्कळ साठे, पण मलका हाती येत नसे. जीभ मोकळी सुटणे, वादसंवादात पडणे, हा मलका मिळविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग, असे त्याचे मत होते. आपल्या प्रशिक्षणवर्गातली खुर्च्यांची मांडणी पाहिली की मगरिब फार दूर वाटत नाही. साधनव्यक्ती बोलते, चाळीस शिक्षक ऐकतात, चहा होतो, पुन्हा साधनव्यक्ती बोलते. गटचर्चा असते तीही अहवालाचा कागद भरण्यापुरती. २०१९ पासून 'निष्ठा'सारखे कार्यक्रम आले आणि नंतर ते पडद्यावर गेले, तेव्हा तर गप्प बसण्याला यंत्राचीच मान्यता मिळाली.

त्याच प्रकरणात संक्षेपांच्या अतिरेकावरही टीका आहे. मोठे ग्रंथ आवळून केलेली छोटी टिपणे पाठ करायला सोपी वाटतात, पण त्यांनी शिकणाऱ्याचा गोंधळ वाढतो आणि मलका कच्चा राहतो. गाइडांच्या दुकानासमोर उभे राहून हे मत आठवावे. गाइड विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांचे अधिक नुकसान करते, कारण विद्यार्थी ते एक वर्ष वापरतो आणि शिक्षक तीस वर्षे.

ज्ञानाच्या प्रकारांचा प्रश्न येथे अधिक बारकाईने घेणे आवश्यक आहे. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये असे दाखविले की शिक्षकाजवळ विषयाचे ज्ञान असते आणि अध्यापनाच्या सामान्य पद्धतींचेही असते, पण त्याचे खास ज्ञान या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. अमुक घटक शिकताना अमुक मूल कोठे अडखळेल, का अडखळेल, आणि त्याला कोणते उदाहरण पोहोचेल, हे ते ज्ञान. ते गणितज्ञाला नसते आणि शिक्षणाधिकाऱ्यालाही नसते. सीमाभागातल्या शिक्षकाजवळ हे ज्ञान किती सूक्ष्म असू शकते, याचा एक नमुना पाहू.

उर्दू माध्यमाचा मुलगा मराठी शिकू लागतो. 'मी पुस्तक वाचले' असे लिहावयाचे असताना तो एके दिवशी 'मी पुस्तक वाचला' असे लिहितो आणि काही महिन्यांनी 'मी पुस्तक वाचली' असे लिहितो. लाल शाईच्या दृष्टीने दोन्ही चुका सारख्या, दोन्हींचा अर्धा गुण गेला. पण त्या सारख्या नाहीत. घरी हा मुलगा दखनी बोलतो. दखनीत प्रमाण उर्दूतला 'ने' बहुधा नसतो आणि क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. म्हणून मुलगा पुस्तक वाचतो तेव्हा क्रियापद पुल्लिंगीच राहते. 'वाचला' ही चूक घरातून आली. पुढे शाळेत तो प्रमाण उर्दू शिकतो, तेथे 'मैंने किताब पढ़ी' असे म्हणावे लागते, क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि किताब स्त्रीलिंगी आहे. तो हा नियम मराठीला लावतो आणि 'वाचली' असे लिहितो. याचा अर्थ दुसरी चूक ही प्रगती आहे. क्रियापद कर्माशी जुळवायचे, हा मराठीचाही नियम त्याला सापडला आहे. आता फक्त पुस्तक नपुंसकलिंगी आहे एवढेच सांगायचे राहिले. मुलीच्या वहीत मात्र ही पायरी उघड दिसत नाही, कारण तिच्या दोन्ही वाटा 'वाचली'लाच पोहोचतात. तिच्यासाठी वाक्य बदलावे लागते. तिने 'मी आंबा खाल्ली' असे लिहिले तर ती अजून पहिल्या पायरीवर आहे असे समजावे. जाणता शिक्षक हे सारे वही चाळताना क्षणात ओळखतो. विचारले तर कदाचित त्याला असे मांडता येणार नाही, विणकराला मागाचा आवाज मांडता येत नाही तसेच. हा मलका होय. कोणत्याही प्रशिक्षण-पुस्तिकेत तो नोंदलेला नाही. उलट दखनीची गणना 'अशुद्ध' या एकाच सदरात होते आणि तिच्याकडे पाहण्याची गरजच उरत नाही. यात सरकारी यंत्रणेचा दोष असेल तेवढाच उर्दूच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या संस्थांचाही आहे. ज्या बोलीत 'नक्को' आहे आणि मराठीतून घेतलेला जोर देणारा 'च' आहे, ती बोली मराठी शिकविणाऱ्याला शेजारीण म्हणून लाभली होती. शिक्षकाने तिला दाराबाहेर उभे केले.

दुसरा नमुना गणिताचा. उर्दू लेखन उजवीकडून डावीकडे जाते, पण संख्या मात्र त्याच ओळीत डावीकडून उजवीकडे लिहावी लागते. त्यातच 'तेईस' किंवा 'तेवीस' म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. पहिलीतले मूल २३ ऐवजी ३२ लिहिते त्यामागे ही दुहेरी ओढ असते. 'उनतीस' किंवा 'एकोणतीस' तर त्याहून बिकट, कारण नावात तीस आहे आणि लिहिताना दोन. कन्नडमध्ये हा घोळ नाही. तेवीस म्हणजे 'इप्पत्तमूरु', वीस आणि तीन. एकोणतीस म्हणजे 'इप्पत्तोंबत्तु', वीस आणि नऊ. जसे म्हणावे तसे लिहावे. वडगावच्या रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाच्या कानावर हे शब्द शाळेत येण्याआधीच पडलेले असतात. दशक-एकक शिकविताना ज्या शिक्षकाला कन्नड संख्यानामांचा आधार घेण्याचे सुचते, त्याने तिन्ही भाषांमधून एक साधन कमावले असे म्हटले पाहिजे.

याच मुद्द्यावर महाराष्ट्रात २०१९ मध्ये वाद झाला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तेवीस'बरोबर 'वीस तीन' अशी वाचनाची सोय दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (निधन २०२३) यांनी मुलांना जोडाक्षरी, अनियमित संख्यानामे जड जातात हे कारण देऊन तिचे समर्थन केले. मराठी बुडाली, अशी ओरड झाली, वृत्तपत्रांत टिंगल झाली, विधिमंडळातही विषय निघाला. वाद सहेतुक होता की राजकीय, हे येथे गौण आहे. वादातले दोन्ही पक्ष कोण होते ते पाहावे. एका बाजूला तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला लोकमत. पहिली-दुसरीच्या वर्गात रोज ही संख्या शिकविणारा शिक्षक त्यात साक्षीदार म्हणूनही फारसा दिसला नाही. कन्नड आणि मराठी मुलांना दोन्ही रीतींनी शिकविलेला सीमाभागातला शिक्षक तर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. आणि त्यानेही आपण होऊन काही लिहिले नाही, हेही नोंदवावे लागेल. आपल्याजवळ जे आहे त्याला ज्ञान म्हणतात, हेच त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

इब्न खल्दूनच्या ग्रंथात याला तंतोतंत जुळणारा प्रसंग आहे. अंदलुसचा काझी अबू बक्र इब्न अल्-अरबी (सूफी विचारवंत मुहियुद्दीन इब्न अरबी हे वेगळे) याने असे सुचविले होते की मुलाला आधी भाषा आणि काव्य शिकवावे, मग हिशेब, आणि त्यानंतर कुरआनकडे न्यावे, म्हणजे तो जे वाचेल ते त्याला समजेल. इब्न खल्दून ही रीत चांगली असल्याचे मान्य करतो. पण लोकरूढी तिला अनुकूल नाही आणि माणसांच्या व्यवहारावर रूढीचीच सत्ता अधिक चालते, असे सांगून तो थांबतो. रूढीमागचे कारणही तो देतो. मूल मोठे होऊन हाताबाहेर जाण्याआधी निदान कुरआन तरी पदरी पडावे, ही पालकांची काळजी असते. शिक्षणसुधारकांनी या थांबण्याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. सवय ही केवळ अज्ञान नसते, तिच्यामागे कोणाची तरी रास्त भीती असते. ती भीती न ओळखता केलेली सुधारणा, कितीही शास्त्रशुद्ध असली तरी, वर्गाच्या उंबऱ्यावर अडते.

मात्र इब्न खल्दूनचे सगळेच मत स्वीकारता येत नाही. एका हुन्नरात मलका मिळाल्यावर दुसऱ्यात तो क्वचितच मिळतो, असे तो म्हणतो आणि भाषेलाही हाच नियम लावतो. पहिल्या भाषेचा मलका पक्का झाला की दुसरीचा अपुरा राहतो. लहानपणीच, पहिला रंग पक्का बसण्याआधी, दुसरी भाषा कानी पडली तर गोष्ट वेगळी, अशी सवलत त्याने ठेवली आहे. निपाणीच्या बाजारात किंवा वडगावच्या गल्लीत ही सवलतच नियम झालेली दिसते. येथला माणूस घरी दखनी, दुकानात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलतो. त्याच्या ठिकाणी भाषांमध्ये ये-जा करण्याचाच एक स्वतंत्र मलका तयार झालेला असतो. शिक्षकाजवळ तो असतोच. दुर्दैव असे की शाळेच्या फाटकात शिरताना तो हा मलका चपलांसारखा बाहेर काढून ठेवतो, कारण माध्यमाच्या शुद्धतेची सवय त्याला प्रशिक्षणाने लावलेली असते.

सवयीची ही दुसरी बाजू अप्रिय असली तरी टाळता येणार नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये एक साधी गोष्ट निदर्शनास आणली. शिक्षक होणारा माणूस अध्यापक विद्यालयात येण्याआधी विद्यार्थी म्हणून बाकावर बसून हजारो तास शिक्षक पाहत आलेला असतो. ही त्याची खरी उमेदवारी होय. त्यात त्याने शिक्षकाचे बोलणे, रागावणे, खडू धरणे पाहिलेले असते, त्यामागचा विचार पाहिलेला नसतो. दोन वर्षांची पदविका या उमेदवारीवर वरचा मुलामा चढविते. छडी याच वाटेने पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कठोर शिक्षेने मूल खोटेपणा आणि आळस शिकते, हे इब्न खल्दूनने सांगून सहा शतके लोटली, शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शारीरिक शिक्षेला बंदी घातली, तरीही हात उगारला जातो तो बुद्धीला विचारून नव्हे. तो हात शिक्षकाच्या शिक्षकाचा असतो.

हस्तकौशल्याला शिक्षणात आणले म्हणजे आपोआप मलका तयार होतो, असेही नाही. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेनंतर 'नई तालीम'चा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. जामिया मिल्लियात १९३८ मध्ये 'उस्तादों का मदरसा' सुरू झाला तो याच योजनेचे शिक्षक घडविण्यासाठी. त्या समितीच्या अहवालातच असा इशारा आहे की हस्तव्यवसायाच्या आर्थिक बाजूवर भर दिला गेला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यात गुंतून जाईल आणि त्यातली शिक्षणाची बाजू हरवेल. चरखा फिरत राहील, विचार फिरणार नाही. योजनेचे पुढे पुष्कळ ठिकाणी जे झाले ते पाहता हा इशारा व्यर्थ नव्हता.

कर्नाटकातली 'नलि-कली' ही पद्धत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात, युनिसेफच्या साहाय्याने, ती आकाराला आली. तेथील काही शिक्षक ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा पाहून आले, पाठ्यक्रमाचे लहान टप्पे पाडले, कार्डे तयार केली, गाणी आणि खेळ बसविले. काय चालते आणि काय चालत नाही हे वर्गात पाहून दुरुस्त केले. त्या शिक्षकांपुरते हे शुद्ध मलका-संपादन होते. पद्धत यशस्वी ठरली आणि २००९-१० मध्ये ती राज्यभरातल्या सरकारी कन्नड शाळांच्या प्रारंभिक वर्गांना लागू झाली. पुढे उर्दू शाळांसाठीही तिचे साहित्य निघाले. पण राज्यभर गेली ती कार्डे, शिडी आणि तक्ते. कार्ड तयार करताना झालेले भांडण, फाडलेले मसुदे, फसलेले खेळ बरोबर गेले नाहीत, जाऊ शकतही नव्हते. एका तालुक्यात जे ज्ञान होते ते दुसऱ्या तालुक्यात साहित्य म्हणून पोहोचले आणि तिसऱ्यात आदत म्हणून स्थिरावले. योजनेला अपयशी म्हणण्याचा येथे हेतू नाही. अनेक मुलांना तिने बाकावरून उठविले, एवढेही थोडके नव्हे. प्रश्न शिक्षकाच्या वाढीचा आहे, आणि ती वाढ कार्ड वापरणाऱ्यापेक्षा कार्ड रचणाऱ्याची अधिक झाली.

राष्ट्रीय शिक्षक शिक्षण अभ्यासक्रम आराखडा २००९ ने 'चिंतनशील' शिक्षकाची कल्पना मांडली. तिचेही काय होते ते टाचणवहीत दिसते. 'चिंतन' असा एक रकाना छापला जातो आणि 'विद्यार्थ्यांना घटक समजला' हे वाक्य त्यात रोज लिहिले जाते. येथे इमाम गजाली (१०५८–११११) यांच्याविषयीची प्रसिद्ध कथा आठवते. प्रवासात दरोडेखोरांनी त्यांच्या टिपणवह्या नेल्या. त्यांनी विनवणी केली की माझे सारे ज्ञान त्यांत आहे. तेव्हा म्होरक्या हसून म्हणाला, की आम्ही वह्या नेताच जे गेले ते तुझे ज्ञान कसे? वह्या परत मिळाल्या, पण गजालींनी पुढची तीन वर्षे त्यांतले सारे आत्मसात करण्यात घालविली, असे सांगतात. शालेय तपासणीत वही पाहिली जाते, कारण वही पाहता येते.

सीमाभागात या सर्वाला आणखी एक पदर आहे. बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत मराठी आणि उर्दू माध्यमांच्या शिक्षकांना मिळणारे प्रशिक्षण बहुधा कन्नडमधून असते. राज्यभाषेतून प्रशिक्षण असण्यात गैर काही नाही, आणि येथल्या शिक्षकाला कन्नड कळत नाही ही तक्रारही आता तितकी खरी राहिलेली नाही. अडचण वेगळी आहे. नवा विचार एका भाषेत ऐकायचा, दुसरीत शिकवायचा आणि मुलाच्या तिसऱ्या भाषेत पोहोचवायचा, या प्रवासात संज्ञा पोहोचतात आणि कृती मागे राहते. 'रचनावाद' हा शब्द तिन्ही भाषांत गेला. शेजारच्या महाराष्ट्रात मराठी शिक्षकांसाठी जे लिहिले जाते ते निपाणीहून हाकेच्या अंतरावर असते. निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय तर राज्याची हद्द ओलांडून अर्जुननगरात आहे. पण पाठ्यक्रम वेगळा, म्हणून तिकडचे इकडे 'उपयोगाचे नाही' असे समजले जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नकाशावर ओढलेली रेघ शिक्षकाच्या वाचनातही उतरली, याची चर्चा सीमाप्रश्नाच्या सभांत होत नाही.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक याच भूभागाचे. जन्म आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा, प्रारंभीचे ग्रामकार्य धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरीचे. मराठी आणि कन्नड मुलखांत वावरलेल्या या माणसाच्या आयोगाने शाळासंकुलाची कल्पना मांडली. जवळपासच्या शाळा एकत्र आणाव्यात आणि शिक्षकाचा एकटेपणा मोडावा, हा तिचा गाभा. पुढे संकुले झाली, समूह साधन केंद्रेही झाली, पण ती माहिती गोळा करणारी ठाणी बनली. वडगाव-शहापूर परिसरात मराठी, उर्दू आणि कन्नड माध्यमांचे वर्ग थोड्याथोडक्या अंतरावर भरतात. एकाच सकाळी तेथे 'तेवीस', 'तेईस' आणि 'इप्पत्तमूरु' शिकविले जातात. ते शिकविणारे तिघे भेटतात ते निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामावर.

या तिघांना महिन्यातून एकदा दोन तास एकत्र बसविणे शिक्षणसंस्थांच्या हाती आहे, त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. बैठकीत व्याख्यान नसावे. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या दहा चुका वहीतून उतरवून आणाव्यात आणि मुलाने असे का लिहिले असेल याविषयी बोलावे. 'वाचला' आणि 'वाचली' यांतला फरक तेथे उर्दू शिक्षक सांगेल, दशक-एककाची गोष्ट कन्नड शिक्षक सांगेल. वर्षअखेरीस शंभर-दीडशे चुकांची तीन भाषांतली कारणासहित नोंद तयार होईल, आणि ती पुढच्या वर्षी रुजू होणाऱ्या तरुण शिक्षकाच्या हाती देता येईल. अशा बैठकीचे चोवीस तास वर्षाच्या पन्नास तासांत धरायचे की नाहीत, एवढाच प्रश्न गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला विचारावा लागेल.